जाड म्हणा, पण 'हेल्दी' म्हणू नका

ओवी_डोंबिवली

परवा 'सरळसोट' यांनी लिहिलं होतं, "आमच्या काळी जाड्याला जाड्या आणि लंबूला लंबू म्हणायचो, कुणी रडत बसलं नाही. लठ्ठपणा हा रोग आहे. रोगाला रोग म्हणायची लाज कसली? गोड नावं देणं बंद करा." त्यावर दीडशे अंगठे पडले. मी दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

मी जाड आहे. उंची पाच फूट दोन इंच, वजन ८४ किलो. 'जाड' या शब्दाचं मला काही वाटत नाही. जाड मीठ असतं, जाड भिंग असतं, तशी मी जाड. मला त्रास होतो तो या शब्दाच्या आजूबाजूला जे शब्द आहेत त्यांचा.

पहिला, 'हेल्दी'. कपड्यांच्या दुकानात मुलगी म्हणते, "ताई, हेल्दी लेडीजचं वरच्या मजल्यावर." अगं, मला थायरॉईड आहे, गुडघे दुखतात, मी कसली हेल्दी! जे म्हणायला जीभ रेटत नाही ते म्हणूच नये. उलटा शब्द वापरला की मला दुप्पट कळतं, समोरच्याला माझी लाज वाटतेय.

दुसरा, 'तब्येत'. 'तब्येत सुधारली' म्हणजे वजन वाढलं. 'तब्येत उतरली' म्हणजे कमी झालं. प्रकृती कशी आहे हे कुणी विचारलेलंच नाही.

आणि तिसरा, 'सुटणे'. गाय दाव्याची सुटते. पुरुषाचं फक्त पोट सुटतं, बाई मात्र अख्खीच सुटते. 'लग्नानंतर कसली सुटलीय बघ.' म्हणजे आधी तिला कुणी तरी बांधून ठेवलेलं होतं आणि आता हातची गेली, असाच अर्थ ना? त्याच वजनाच्या पुरुषाला 'भारदस्त' म्हणतात. त्याला 'खात्यापित्या घरचा' म्हणतात. बाई कधी भारदस्त झालेली ऐकली आहे का तुम्ही?

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. पाच वर्षांची होईपर्यंत ती 'गुटगुटीत' होती. 'बाळसं काय छान धरलंय' म्हणत येणारा जाणारा गाल ओढायचा. गाल तेच आहेत, शब्द बदलले. वैशाखात एका मुंजीला गेलो होतो. पंगतीत नात्यातल्या एक आजी वाढपिणीला म्हणाल्या, "हिला जिलबी एकच घाल गं, सुटायला लागलीय." चाळीस माणसं पानावर बसलेली. मुलीने पानावर हात आडवा धरला आणि जेवण संपेपर्यंत काढला नाही. त्यानंतर दीड महिना रोज सकाळी ती वजनकाट्यावर उभी राहायची. जिलबी अजून खात नाही. तिला फार आवडायची.

सरळसोट, "कुणी रडत बसलं नाही" हे तुम्हाला कसं कळलं? तुमच्यासमोर रडलं नाही, एवढंच तुम्हाला माहीत आहे.

सरळसोट

मुलीबद्दल वाईट वाटलं, मनापासून. त्या आजींचं चुकलंच, चारचौघांत लहान पोराला बोलू नये. पण त्यावरून सगळ्या भाषेला आरोपी करू नका.

आमच्या चाळीत एक मित्र होता. आम्ही त्याला जाड्या म्हणायचो, दुसरा बारीक होता तो रड्या. लॉरेल आणि हार्डीला आपल्या लोकांनी जाड्या-रड्या केलं ते प्रेमानेच ना? आमचा जाड्या आज पन्नाशीला आलाय, अजून आम्ही त्याला जाड्याच म्हणतो आणि तोही हसून ओ देतो. त्याचं खरं नाव घेतलं तर त्यालाच परकं वाटेल.

आणि तुम्ही स्वतःच लिहिलंत की 'जाड' चालतो, 'हेल्दी' नको. म्हणजे माझंच म्हणणं झालं की. सरळ शब्द वापरा. मग वाद कुठे आहे?

माझे वडील गेले तेव्हा १०६ किलोचे होते. साखर, रक्तदाब, सगळं होतं. आयुष्यभर लोक त्यांना 'काय पर्सनॅलिटी आहे' म्हणत राहिले. एकाने जरी वेळेवर 'अण्णा, तुम्ही लठ्ठ झालायत, दवाखान्यात चला' म्हटलं असतं तर? मला राग त्याचा आहे. तुमच्या त्या 'भारदस्त'ने माझा बाप नेला.

ओवी_डोंबिवली

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण वाद तिथेच आहे. 'जाड' हा शब्द मी माझ्याबद्दल वापरते. तो तुम्ही माझ्यावर फेकायचा परवाना मी दिलेला नाही. आणि तुमच्या मित्राला एकदा विचारून बघा, हसून ओ देतो तेव्हा त्याला काय वाटतं. तीस वर्षांत विचारलंय का?

तालुका_डॉक्टर

मी तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करते. या दोघांचंही भांडण माझ्या टेबलावर रोज येतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २५ च्या वर जास्त वजन आणि ३० च्या वर लठ्ठपणा. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ साली भारतीयांसाठी हे आकडे खाली आणले. २३ ला जास्त वजन, २५ ला लठ्ठपणा. कमरेचा घेर पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८०, त्याच्या वर गेला की धोका. मी पेशंटला "तुमचं वजन जरा जास्त आहे" म्हटलं की शेजारी बसलेली सासू खूश होते. "आमच्याकडे आल्यापासून तब्येत सुधारलीय तिची!" मी धोका सांगतेय आणि त्यांना शाबासकी ऐकू येते. ओवीताई म्हणतात तेच, 'तब्येत' शब्दाने माझी पंचाईत केलीय.

म्हणून एका बाईंना मी स्पष्ट 'लठ्ठ' म्हटलं. त्या परत आल्याच नाहीत. दोन वर्षांनी आल्या त्या पायाची जखम घेऊन, साखर चारशेच्या घरात. माझ्या एका शब्दाने दोन वर्षं गेली, हे मी विसरू शकत नाही. त्या दिवशी मी बरोबरच बोलले होते, वैद्यकीय दृष्ट्या एक अक्षर चूक नव्हतं. तरी त्या आल्या नाहीत.

'स्थूल' वापरून पाहिला. निम्म्या लोकांना तो कळत नाही. एकाने विचारलं, "स्थूल म्हणजे मूळव्याधीचं काही का?"

आता मी कुठलंच विशेषण वापरत नाही. "तुमचं वजन इतकं आहे, कमरेचा घेर इतका आहे, त्यामुळे गुडघ्यावर इतका भार येतोय, आपण दोघं मिळून तीन महिन्यांत चार किलोचं बघू." माणसाला नाव द्यायचं नाही, मोजलेलं सांगायचं. सरळसोट, तुमच्या वडिलांना 'लठ्ठ' म्हणणारा माणूस नको होता. त्यांना हाताला धरून साखर तपासायला नेणारा हवा होता.

एडिसनकर

मी अठरा वर्षं न्यू जर्सीत आहे. इथे माझं वजन वीस किलोने वाढलं आणि एकाही माणसाने एक शब्द काढला नाही. ऑफिसात नाही, शेजारी नाही, कुणीच नाही. तुम्हाला हे स्वर्गासारखं वाटेल. मला नाही वाटलं. आई गेली त्या वर्षी मी खात सुटले होते आणि ते कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही, किंवा आलं तरी बोलायचं नाही अशी रीत.

पुण्याला गेले तर सोसायटीचे वॉचमन काका गेटवरच म्हणाले, "ताई, लई वजन वाढवलं. तिकडं बरं चाललंय ना?" मी जिन्यात बसून रडले. अपमानाने नाही. कुणी तरी मला बघितलं म्हणून.

ही चौकशी भाषेतून काढून टाकली तर काय उरेल हे मी इथे रोज बघते.

ओवी_डोंबिवली

एडिसनकर, वॉचमन काकांनी "तिकडं बरं चाललंय ना" विचारलं. माझ्या मुलीला कुणी विचारलं नाही. तिच्या पानातली जिलबी मोजली. तुमच्या काकांचं वाक्य मला हजार वेळा चालेल. त्यातलं दुसरं अर्ध जे आहे, ते बाकीचे गाळतात.

लाल_माती

मी कोल्हापूरचा. वयाच्या बाराव्या वर्षी तालमीत गेलो. तालमीत वजन कमवायला लागतं राव, ते फुकट मिळत नाही. पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग थंडाई, दूध, तूप, मटण. माझं वजन १०२ झालं तेव्हा वस्तादांनी पाठीवर थाप मारली. गल्लीतनं चाललो की लोक वाट द्यायचे. "पैलवान आला" म्हणायचे. खासबागेत मातीत उतरलो तेव्हा आईनं दृष्ट काढली होती. ते मैदान शाहू महाराजांनी बांधलंय, तिथं अंगानं मोठं असणं ही मानाची गोष्ट.

तेविसाव्या वर्षी गुडघा गेला. कुस्ती सुटली. भूक काही सुटली नाही, पंचवीस भाकरीचा संसार एका दिवसात पाच भाकरीवर येत नाही. वजन सहा-सात किलोच वाढलं असंल. पण सहा महिन्यांत मी 'पैलवान'चा 'ढेरपोट्या' झालो. 'गडी माजला' म्हणणारे पण भेटले. लग्नाच्या बैठकीत मुलीच्या मामानं तोंडावर विचारलं, "पावणं, काम करता का नुसतं खाता?"

अंग तेच, माणूस तोच, आईचा पोरगा तोच. तेव्हापासनं मला कळलंय, लोक अंगाला नाव ठेवत नाहीत. तुम्ही जिंकताय का हरताय ते बघून अंगाला नाव देतात. ताईंनी जे पोरीबद्दल लिहिलंय ना, गुटगुटीतचं सुटली झालं, ते वाचून डोळ्यांत पाणी आलं. सरळसोट भाऊ, तुमच्या मित्राचं मला काही सांगता यायचं नाही, पण मी बी हसून ओ देतो. लोकांना सांगायचं काय?

केवडा

जाड लोकांची बाजू मांडायला निदान शब्द तरी आहे, बॉडी शेमिंग की काय ते. आमचं काय? मी ४१ किलोची. किडकिडीत, हडकुळी, काडीपैलवान, पाप्याचं पितर, लुकडी, सगळं ऐकून झालंय. "वारा आला तर उडून जाशील." "सासरी उपाशी ठेवतात का?" मूल झाल्यावर एक बाई सहज म्हणाल्या, "हिला दूध तरी येत असेल का?" आणि हे सगळं हसत हसत, कारण बारीक माणसाला बोललेलं लागत नाही असा सगळ्यांचा समज.

शाळेत तर माझं नावच 'सुकडी' पडलं होतं. दहावीपर्यंत. बाईसुद्धा हजेरीला कधी कधी तेच म्हणायच्या. ओवीताई, तुमचा राग खरा आहे, पण तुमच्या लेखात एक ओळ आमच्यासाठी नव्हती.

माणदेशी

केवडा बेटा, 'सुकडी' या शब्दावर थांबलो. मी तो फार वेगळ्या जागी ऐकला आहे. माझं वय ६४.

१९७२ साली मी माणदेशात दुसरी-तिसरीत होतो. त्या दुष्काळात आई-वडील खडी फोडायच्या कामावर जायचे. आम्हा पोरांना शाळेत सुकडी मिळायची. गोडसर, कोरडी भुकटी. खिशात भरून आणायचो आणि धाकट्या बहिणीला द्यायचो, खिशाला चिकटलेली तीही चाटायची. घरी लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या जोंधळ्याच्या भाकरी, त्या घशाखाली उतरायच्या नाहीत. सुकडी उतरायची. मला अजून तो वास येतो.

त्या दोन वर्षांत गावात एकही माणूस 'सुटलेला' नव्हता. पुढे पाऊस पडला, जोंधळा आला, आणि माझ्या आईच्या दंडावर मांस आलं तेव्हा आजी म्हणाली, "पोरीनं अंग धरलं." ते ऐकून आई लाजली होती. मला तो दिवस सणासारखा आठवतो.

डॉक्टरताई, तुमच्यासमोर बसलेली ती सासू मूर्ख नाही. तिने बरगड्या मोजल्या आहेत. तिच्या तोंडी 'तब्येत सुधारली' म्हणजे 'हिला आता मरण नाही'. क्षयाने खंगलेली माणसं प्रत्येक घरात होती, त्यामुळे अंगावर मांस म्हणजे जीव, हे आमच्या पिढीचं गणित. ते आज चुकतं हे मला मान्य आहे. पण ते आम्ही दुष्टपणाने मांडलेलं नाही. मुंजीतल्या आजींचं मी समर्थन करत नाही. त्यांनी भुकेचं शिकलेलं विसरून टीव्हीवरचं शिकलंय, ते मला जास्त वाईट वाटतं.

बार्शीकर

आजोबा, सुकडी भुकटी नव्हती. वडी होती. माझी आई त्या वेळी बार्शीकडे कामावर होती. गूळ आणि पिठाचा लाडवासारखा गोळा, हातावर ठेवायचे. तिने शंभरदा सांगितलंय.

माणदेशी

आमच्याकडे भुकटीच होती. पोत्यातून यायची. मी स्वतः खाल्ली आहे, कुणाकडून ऐकलेलं सांगत नाही.

संत्रानगरी

आमच्या विदर्भाकडे बाबा पण सुकडीचंच सांगतात. भुकटी, पण पाणी टाकून कालवून खायचे. आणि मिलो इतकी वाईट नव्हती म्हणतात, भाजून खाल्ली की चालायची.

बार्शीकर

मिलो चांगली होती म्हणणाऱ्याने ती आठवडाभर खाल्लेली नसणार. आईचं पोट त्या मिलोने जे बिघडलं ते कायमचं.

शब्दवेडा

विषयाकडे येऊ या का? भाषा बिघडल्याचा दोष समाजाला देऊ नका. आपल्याकडे सुंदर शब्द असताना 'हेल्दी', 'चबी', 'ओबीस', 'प्लस साइज' असले उसने शब्द घेतले की असंच होणार. स्थूल म्हणा. धष्टपुष्ट, बाळसेदार, भरदार, अंगापिंडाने मजबूत, किती तरी शब्द आहेत. ज्या संस्कृतीत लंबोदर हे देवाचं नाव आहे, तिथे जाडपणाची लाज नव्हतीच. ती इंग्रजीबरोबर आली.

तालुका_डॉक्टर

शब्दवेडा, हे बरोबर नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय उघडा, नावच 'अष्टौनिन्दितीय' आहे. आठ निंदित शरीरं मोजली आहेत: अतिदीर्घ, अतिऱ्हस्व, अतिलोम, अलोम, अतिकृष्ण, अतिगौर, अतिस्थूल, अतिकृश. त्यात स्थूल आणि कृश यांत कृश बरा, असंही स्पष्ट म्हटलंय. इंग्रज यायच्या कितीतरी आधीचं आहे हे. आणि 'टुणटुण' म्हणत ज्या पोरींना शाळेत रडवलं तो शब्द तरी कुठून आला? उमादेवी खत्री नावाच्या गुणी पार्श्वगायिकेला पडद्यावर जाडीचं हसं करण्यासाठी मिळालेलं नाव ते. बाईंचा आवाज विसरला गेला, वजन तेवढं भाषेत उरलं. त्यात इंग्रजी कुठेच नाही.

शब्दवेडा

चरकांनी उपचारासाठी वर्गवारी केली आहे, चेष्टेसाठी नव्हे. तुम्ही संदर्भ तोडून सांगताय. तरीही 'लाज नव्हतीच' हे मी जरा जास्त बोललो. तेवढं मागे घेतो. 'हेल्दी'बद्दल अजिबात नाही.

केवडा

मी माझं दहा वर्षांचं दुःख लिहिलं आणि त्याच्याखाली मिलो भाजून खायची की नाही यावर भांडण चाललंय. जाड माणसाच्या धाग्यावर असं झालं असतं तर सगळे धावून आले असते. काय बोलायचं.

माणदेशी

चुकलं बेटा. खरंच चुकलं. तू 'सुकडी' म्हटलंस आणि मी माझ्या गावात जाऊन बसलो. ज्या शब्दाने मला जगवलं त्याच शब्दाने तुला दहा वर्षं छळलं, हे पचवायला मला वेळ लागतोय. म्हणून बोलत राहिलो.

ओवी_डोंबिवली

केवडा, माझंही चुकलं. एक ओळ हवी होती. मुलीच्या वर्गात एक मैत्रीण आहे तुझ्यासारखी, आणि मीच तिला दोनदा म्हणालेय, "अगं, आमच्यातलं थोडं घेऊन जा." विनोद म्हणून. आता कळतंय.

तालुका_डॉक्टर

केवडाताईंच्या निमित्ताने एक सांगायचंय, कारण आपले शब्द बारीक माणसालाही फसवतात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोघे शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. बघणारा दोघांनाही सडपातळच म्हणेल. याज्ञिकांच्याच गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने कितीतरी हलकी, हातपाय काड्यांसारखे, पण चरबी त्या मानाने टिकून. उणीव होती ती स्नायूंची. आईच्या पोटात असतानाच शरीर टंचाईची तयारी करतं आणि पुढे त्याच शरीराला भरपूर खायला मिळालं की मधुमेह गाठतो, असा तो विचार आहे.

माझे काका ५८ किलोचे. सगळे म्हणायचे, "काय फिट ठेवलंय." पन्नाशीपर्यंत त्यांची साखर कुणी तपासली नाही, कारण ते जाड नव्हते. डोळ्यांवर परिणाम झाल्यावर कळलं. सरळसोट, तुमच्या वडिलांना 'भारदस्त'ने फसवलं, माझ्या काकांना 'सडपातळ'ने.

अजून एक. बीएमआयमागचं सूत्र क्वेटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाचं, एकोणिसाव्या शतकातलं, आणि ते लोकसंख्येचा अभ्यास करायला काढलेलं. एकेका माणसावर शिक्का मारायला नव्हे. त्याला आजचं नाव अँसेल कीज यांनी दिलं ते १९७२ साली. माणदेशी आजोबा खिशात सुकडी भरत होते तेच वर्ष.

सरळसोट

वाचलं सगळं. बीएमआयचं पटलं, सारखा आकडा आणि दुप्पट चरबी, हे मला माहीत नव्हतं. तरी माझं मूळ म्हणणं मी सोडत नाही. लोक आता 'लठ्ठ' हा शब्द उच्चारायलाच घाबरायला लागले तर डॉक्टरताईंसारखे चार जण आकडे सांगतील आणि बाकीचे गप्प बसतील. गप्प बसण्यानेच आमचं घर बुडालं. आणि ओवीताई, प्रत्येक 'जाड्या' ही शिवी नसते. जुना जाड पैसा तो ढब्बू पैसा, फुगीर मिरची ती ढब्बू मिरची, आणि माझा भाचा आमचा ढब्बू. हे पण काढून घेणार का तुम्ही? मग घरात हाक तरी काय मारायची?

ओवी_डोंबिवली

तुम्ही पुन्हा तेच करताय, माझ्या तोंडी बंदी घालताय. मी कुठे काढून घेतेय? भाचा चार वर्षांचा असेल तर ढब्बू म्हणा, पोटाला गुदगुल्या करा. तो बारा वर्षांचा झाला आणि शर्ट पँटीच्या बाहेर ठेवायला लागला, पोहायला नको म्हणायला लागला, की थांबा. एवढं दिसत नसेल तर मामा कशाचे? आणि बोलायचंच असेल तर माझ्याशी एकट्याने, दार लावून, बसून बोला. माझ्या वजनाबद्दल माझा नवरा बोलतो, मला राग येत नाही. तो सकाळी माझ्याबरोबर चालायला येतो. वडिलांबद्दल तुम्ही गप्प बसलात असं म्हणता, पण लोक गप्प नव्हते हो. बोलतच होते, 'पर्सनॅलिटी' म्हणून. बोलणं कमी पडलं नाही तुमच्याकडे.

लाल_माती

हे बरोबर बोलला ताई.

सरळसोट

शेवटचं लिहितो. काल रात्री मित्राला फोन केला. ओवीताईंना खोटं पाडायचं म्हणूनच केला होता, कबूल करतो. विचारलं, तुला जाड्या म्हणतो त्याचं काही वाटतं का रे? बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तुम्ही चाळीतले आहात, तुमच्याकडून ऐकायची सवय आहे. तुम्ही बंद केलंत तर चुकल्यासारखं होईल. फक्त माझ्या मुलासमोर नका म्हणू. तोही माझ्यासारखाच आहे, आणि शाळेत त्याला आता तेच म्हणतात."

माझं अर्धं खरं निघालं, अर्धं तुमचं. यापुढे त्याच्या घरी गेलो की नावाने हाक मारणार. बाहेर जाड्याच.

ओवी_डोंबिवली

अर्धं का होईना. मुलासाठी तरी केलंत, बरं झालं. त्या मुलाला पंगतीत कुणी काही बोललं तर तेव्हाही बोला, एवढीच विनंती.

माणदेशी

धाकट्या बहिणीला विचारलं. ती म्हणते शाळेत भुकटीच यायची, पण कामावरच्या बायका ती पाण्याचा हात लावून वळायच्या आणि मुलांसाठी पदरात बांधून आणायच्या. बार्शीकर, तुमच्या आईने गोळा पाहिला असेल तो असाच. आई असतील तर त्यांना नमस्कार सांगा. केवडा, तुझ्या शाळेतल्या त्या बाई अजून असतील तर मला त्यांना एकदा भेटायचं आहे.